कर्ण्यासमोरचा गळा

मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे आणि दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब चिरनिद्रा घेत आहेत. दरवर्षी उरुसाच्या वेळी तिथे संगीत सभा होते. मोठमोठे कलावंत येतात, बिदागीची घासाघीस न करता गातात-वाजवतात आणि खाँसाहेबांच्या कबरीला सलाम करून जातात. आम्हीही त्या गर्दीत अनेक रात्री बसलो आहोत. पहाटेच्या गारव्यात एखादा नवखा मुलगा मंचावर येतो, घसा खाकरतो, तंबोऱ्याकडे उगाच पाहतो. त्याच्या हाताला कंप असतो. मग शेजारचा वयस्क सारंगिया त्याच्याकडे न पाहताच षड्ज छेडतो, तबलजी हळूच मान डोलावतो आणि मुलाचा आवाज सुटतो. श्रोत्यांना वाटते, पोराने छान सुरुवात केली. खरी सुरुवात कोणी केली, हे मंचावरच्या दोघा-तिघांनाच ठाऊक असते.

आमच्या या लेखाचा विषय तोच आहे. गळा भीतीने बांधला जातो आणि कोणीतरी तो सोडवतो. मैफलीत हे काम दिसत तरी असते. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत ते कोणाला दिसत नाही. तबकडीवर गायकाचे नाव येते, रागाचे येते, कंपनीचे येते. त्या गायकाला यंत्रापुढे धीर देणाऱ्याचे नाव बहुतेक वेळा येत नाही. सातारा आणि सांगली या आमच्या मुलखाच्या संगीताचा इतिहास चाळताना ही उणीव पुन्हा पुन्हा जाणवते. ज्यांची नावे राहून गेली त्यांत मुसलमान वादकांची, उस्तादांची आणि कारागिरांची संख्या मोठी आहे.

मुलूख म्हणताना एक खुलासा करायला हवा. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकेकाळी बरेचसे एकत्र होते. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सांगली, मिरज, कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थाने. या कृष्णाकाठावर नाटक वाढले, सर्कस वाढली आणि गाणेही वाढले. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. तेव्हा या मातीतल्या कलावंताला लोकांसमोर उभे राहण्याची सवय जुनी होती. सवय नव्हती ती लोक समोर नसताना गाण्याची.

मेण, कर्णा आणि तीन मिनिटे

हिंदुस्थानात गाणे तबकडीवर उतरवण्याचे काम १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग त्यासाठी आला होता. गौहरजान यांचे गाणे त्याच महिन्यात मुद्रित झाले. गाणे संपताना त्या इंग्रजीत आपले नाव सांगत. तबकड्या परदेशी कारखान्यात छापल्या जात, तिथल्या लोकांना गायिका कोण हे कळावे म्हणून ही पद्धत पडली, असे सांगितले जाते.

ते यंत्र आजच्या वाचकाला नीट समजावून सांगायला हवे, कारण भीतीचे मूळ त्यात आहे. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून किंवा पडद्यातून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. गायकाने त्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचे. आवाजाच्या जोराने पलीकडची सुई हले आणि फिरत्या मेणाच्या चकतीवर रेघ कोरली जाई. तार सप्तकात आवाज चढला की डोके मागे घ्यायचे, खर्जात उतरला की पुढे न्यायचे. हे गाणाऱ्याला जमत नसेल तर कंपनीचा माणूस त्याचे खांदे किंवा डोके धरून त्याला पुढे-मागे करी. ज्या उस्तादासमोर दरबारात कोणी मोठ्याने बोलत नसे, त्याला एका अनोळखी माणसाने डोके धरून हलवायचे! अदब म्हणून काही चीज आहे की नाही, असा प्रश्न त्याला पडला असेल तर नवल नाही.

शिवाय वेळ तीन मिनिटांच्या आसपास. जो राग फुलायला तास-दीड तास लागतो, त्याची आलापी, बंदिश, तान, सारे एवढ्यात बसवायचे. चूक झाली तर दुरुस्ती नाही, नवी चकती घ्यायची. मुद्रण कसे झाले ते लगेच ऐकावे तर तेही नाही, कारण मेणावर सुई फिरवली की मूळ रेघ बिघडे. म्हणजे गायक गाऊन उठे तो मनात धाकधूक घेऊनच. ‘वाहवा’ म्हणायला श्रोता नाही, चुकले तर सावरून घ्यायला दुसरी फेरी नाही. यंत्र आपला आवाज ओढून घेईल आणि गळा कायमचा बसेल, ही समजूतही त्या काळी होती. घराण्याची चीज चार आण्यांच्या बाजारात जाईल, ही दुसरी भीती. अल्लादियाखाँसाहेबांसारख्या थोर गवयाचा आवाज तबकडीवर उरला नाही, ही आपल्या संगीताची मोठी हानी आहे.

तरीही काही जण त्या कर्ण्यापुढे बसले. त्यांना तिथवर आणले कोणी आणि बसते केले कोणी, हे पाहू.

अंकलखोपचे छत्रे आणि गुरुपुत्र

पलूस तालुक्यात कृष्णेकाठी अंकलखोप हे गाव आहे. विष्णुपंत छत्रे तिथले. १८८० च्या सुमारास त्यांनी उभी केलेली सर्कस देशभर गाजली. सर्कशीचे छत्रे सर्वांना माहीत असतात. परंतु तरुणपणी ग्वाल्हेरला जाऊन घोडे शिकवण्याची विद्या घेताना त्यांनी हद्दूखाँसाहेबांकडे गाणेही शिकले होते, हे कमी लोकांना माहीत असते.

हद्दूखाँसाहेबांचे पुत्र रहिमतखाँ. गळा असा की लोकांनी त्यांना ‘भूगंधर्व’ म्हटले. पण वडील गेले, भाऊ गेला, अफूची सवय लागली आणि मनाचा तोल ढळला. भटकत भटकत ते काशीला पोचले. तिथे छत्र्यांनी त्यांना ओळखले आणि आपल्याबरोबर आणले. अंकलखोपच्या ब्राह्मणाने ग्वाल्हेरच्या मुसलमान गुरुपुत्राला घरचा माणूस मानले. कपडेलत्ते, खाणेपिणे, औषधपाणी, सारे पाहिले. विष्णुपंत १९०५ साली वारले. त्यानंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी तोच वसा पुढे चालवला.

रहिमतखाँ कधी गातील आणि कधी गप्प बसतील याचा नेम नसे. त्यांना हुकूम चालत नसे. त्यांच्या लहरीला सांभाळून, ज्यांच्यावर त्यांचा विश्वास होता अशी माणसे भोवती ठेवूनच त्यांच्याकडून गाणे मिळे. अखेरच्या वर्षांत त्यांच्या थोड्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९२२ साली कुरुंदवाडला त्यांचा अंत झाला.

त्या तबकड्या आज खरखरीतून ऐकताना आम्हाला दोन गोष्टी जाणवतात. एक, आवाज म्हातारा असूनही सूर लख्ख आहे. दुसरी, आपण जे ऐकतो आहोत ते तीन मिनिटांचे नाही. त्यामागे दोन भावांनी केलेली कित्येक वर्षांची सेवा आहे. भ्यालेल्या, बिथरलेल्या कलावंताला खोलीत बसवून ‘गा’ म्हणता येत नाही. त्याला आधी जगवावे लागते, त्याचा मान राखावा लागतो, मग कधीतरी तो गातो. ध्वनिमुद्रणाची खरी तयारी खोलीबाहेर आणि फार आधी सुरू होते, हा धडा छत्र्यांनी आम्हाला दिला.

मोजणारे आणि गाणारे

अब्दुल करीम खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेतल्या कैराना गावचा. मिरजेशी त्यांचे नाते आजारपणातून जुळले असे सांगतात. प्लेगची बाधा झाली असता ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात आले, तिथे गाऊन दुआ मागितली आणि बरे झाले. ही श्रद्धेची गोष्ट आहे, तिची चिकित्सा आम्ही करत नाही. एवढे खरे की मिरज त्यांचे घर झाले. रहिमतखाँच्या गाण्याचा त्यांच्या गायकीवर परिणाम झाला, हेही जाणकारांनी नोंदवले आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात खाँसाहेब ग्रामोफोनसाठी गायले. साधारण त्याच सुमारास सांगली-साताऱ्यात त्यांचा दुसऱ्या एका यंत्राशी संबंध आला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा शोध घेत होते. साताऱ्यास न्यायाधीश राहिलेले क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारीही त्याच नादात होते. देवलांचे श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक १९१० साली आले आणि क्लेमेंट्स यांचे १९१३ साली. तारेची लांबी मोजायची, गणित मांडायचे आणि गवयाचा सूर त्या गणितात बसतो का ते पाहायचे, अशी ती रीत. त्यासाठी अचूक सूर लावणारा गळा हवा होता. तो खाँसाहेबांचा. श्रुती दाखवणारी खास पेटीही विलायतेतून करवून घेण्यात आली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत या श्रुतींच्या प्रश्नावर वाद झडला.

या प्रसंगाकडे आम्ही थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. एका बाजूला पुस्तक लिहिणारे, आकडे मांडणारे शिक्षित लोक. दुसऱ्या बाजूला गाणारा उस्ताद, ज्याची विद्या कानातून गळ्यात आलेली. त्याने सूर लावायचा आणि इतरांनी तो मोजायचा. परीक्षकांसमोर बसलेल्या मुलासारखी ही अवस्था. यात गवयाचा उपमर्द होण्याचा धोका असतो, कारण मोजणाऱ्याला आपण मालक आहोत असे वाटू लागते. पुढे संगीताचा जो इतिहास लिहिला गेला त्यात ग्रंथकार ठळक झाले आणि उस्ताद ‘अशिक्षित’ ठरले. खाँसाहेब मात्र बिचकले नाहीत. मोजणाऱ्यांच्या सान्निध्यात ते बसले, आपले सूर दिले आणि १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढून ‘आम्हीही शिकवतो’ हे कृतीने सांगितले.

१९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने काढलेल्या खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकाव्यात. तोवर कर्णा जाऊन मायक्रोफोन आला होता. १९२५ नंतर विजेवर मुद्रण सुरू झाले आणि गायकाला ओरडण्याची गरज उरली नाही. खाँसाहेबांचा बारीक, आर्त, तारेसारखा सूर या नव्या यंत्राला फार मानवला. झिंझोटीची ठुमरी असो, भैरवीची असो, ‘मानापमान’ नाटकातले मराठी पद असो वा त्यागराजांची कृती असो, कुठे घाई नाही. तीन मिनिटांतही सूर निवांत लागतो. साठीतला हा गवई यंत्रापुढे इतका स्वस्थ कसा?

एक उत्तर त्यांच्या रियाजात आहे. दुसरे त्यांच्या मांडीजवळच्या तंबोऱ्यात.

सतारमेकरांचे ऋण

मिरजेची सतारमेकर गल्ली आमच्या वाचकांना परिचयाची आहे. १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी तिथे तंबोरे घडवायला सुरुवात केली. घराणे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना पाणी आणि धार देणाऱ्यांचे. तलवारी मागे पडल्या तेव्हा तेच हात भोपळ्याकडे आणि लाकडाकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाचे लाकूड आणि पिढीजात कान. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण या कारागिरीचा गायकाच्या भीतीशी काय संबंध, हे क्वचितच सांगितले जाते.

तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते तो पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो. तार छेडली की ती त्या पृष्ठभागाला बारीकशी घासत थरथरते आणि मूळ सुराबरोबर त्याचे कितीतरी उपस्वर उमटतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुताचा धागा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की आवाज बंद होतो किंवा खुलतो. यालाच जवारी लावणे म्हणतात. जवारी चांगली लागली की गायकाला आपला सूर बाहेर शोधावा लागत नाही. तो सगळीकडून ऐकू येतो, गळा फक्त त्यात मिसळायचा असतो. जवारी बिघडलेली असेल तर चांगला गवईही चाचपडतो, जोर लावतो आणि घसा आवळतो.

भ्यालेल्या गायकाला पहिला आधार मिळतो तो इथून. बाईमाणसाच्या पट्टीला लहान तंबोरा, पुरुषाच्या पट्टीला मोठा, गाणाऱ्याचा आवाज ऐकून जवारीचा बेत, हे सारे सतारमेकर ठरवतो. स्वतः खाँसाहेब तंबोरे दुरुस्त करण्यात, जवारी काढण्यात वाकबगार होते आणि मिरजेच्या कारागिरांशी त्यांचा घरोबा होता. त्यांच्या तबकड्यांमागे जो तंबोरा झंकारतो, त्याची तार कोणी बसवली हे तबकडीवर छापलेले नाही. तबल्यावर त्यांना शमसुद्दीनखाँ यांची साथ असे. संथ, घट्ट, गायकाच्या पुढे न धावणारा ठेका. असा ठेका मागे असला की गायकाला वेळ मोजावा लागत नाही आणि तीन मिनिटेही पुरेशी वाटतात.

सारंगीची सावली

बालगंधर्वांचे गाव नागठाणे हेही पलूस तालुक्यातले. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत दोन मुसलमान कलावंत होते, ज्यांच्याशिवाय त्या गाण्याची कल्पना करता येत नाही. तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. नाट्यसंगीताच्या कौतुकात या दोघांना उद्गारवाचक दाद मिळते, पण त्यांनी नेमके काय केले हे सांगितले जात नाही.

सारंगिया गायकाच्या मागून जातो असा समज आहे. तो निम्माच खरा. जाणता सारंगिया गायकाच्या श्वासाचा अंदाज घेतो. गायक दमला की तो जागा भरून काढतो, आणि त्या दोन क्षणांत गायकाला दम घेता येतो. सूर किंचित उतरू लागला तर तो भांडत नाही, आपला सूर स्वच्छ लावून ठेवतो. गायकाचा कान तो ऐकतो आणि गळा आपोआप सावरतो. श्रोत्याला चूक कळत नाही आणि गायकाला ओशाळे वाटत नाही. दुरुस्ती करून ती दिसू न देणे, हा या कलेचा अदब आहे. ध्वनिमुद्रणात तर त्याचे मोल दुप्पट, कारण तिथे खाणाखुणा करायला, थांबवून सांगायला सवड नसे.

बालगंधर्वांसारख्या नटसम्राटालाही यंत्राने अडवले, हे सांगितल्यावाचून हा भाग पुरा होणार नाही. प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या १९३५ च्या बोलपटात ते आले. समोर प्रेक्षक नाहीत, गाणे तुकड्यातुकड्यांनी, नजर कॅमेऱ्याच्या सोयीने. त्यांचा जीव तिथे रमला नाही आणि प्रभातशी संबंध त्या एका चित्रपटावर संपला. आयुष्य रंगमंचावर गेलेला माणूस यंत्रापुढे एकटा पडतो. भीती फक्त नवशिक्याला वाटते असे नाही. ज्याला समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून गायची सवय आहे, त्याला ती जास्त वाटते.

चंपाकली ते हिराबाई

स्त्रियांच्या वाट्याला ही भीती दुहेरी आली. अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची कन्या चंपाकली १९०५ साली मिरजेत जन्मली. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना सरस्वतीबाई राणे झाल्या. नावे बदलली तरी घराण्याचा सूर बदलला नाही. वडिलांपासून दूर वाढलेल्या हिराबाईंना उस्ताद अब्दुल वहीदखाँ यांनी तालीम दिली.

त्या काळी बाईने गाणे म्हणजे बैठकीत, ठराविक लोकांसमोर गाणे असाच समज होता. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. हातवारे नाहीत, मुरका नाही, शांत बसून गाणे. त्यांच्या तबकड्या घरोघरी गेल्या आणि ज्या घरांत मुलीने ‘सा’ म्हटले तरी दार लावले जाई, तिथे त्यांचा आवाज ऐकला जाऊ लागला. तबकडीचा एक गुण इथे मान्य करायला हवा. लोकांच्या नजरेची भीती जिला आहे, तिला यंत्राने आडोसा दिला. आवाज चारचौघांत गेला आणि गाणारी मात्र त्यांच्या नजरेपासून दूर राहिली.

आमच्या समाजात गाण्याबद्दल मतभेद आहेत. गाणे हराम की हलाल या वादात शिरण्याचा हा लेख नाही. पण मोहल्ल्यातल्या लग्नघरात ढोलकीवर रात्रभर गाणाऱ्या आमच्या खाला आणि नानी, कोणी बाहेरचे आले की तोंडात पदर धरून गप्प होत, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. त्यांचा आवाज कुठल्याही तबकडीवर नाही. त्यांना कोणी भीतीतून बाहेर आणले नाही, आणि तशी गरज आहे असे कोणाला वाटलेही नाही.

सांगलीची मुलगी आणि लाहोरचा मास्टर

दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीचा मुक्काम सांगलीला असे. लताबाईंचे बालपण त्या घरात गेले. १९४२ साली वडील वारले आणि तेराव्या वर्षाच्या आत-बाहेर असलेली मुलगी घर चालवण्यासाठी चित्रपटात आली. सुरुवातीला आवाज फार बारीक म्हणून नाकारला गेला. नाकारणाऱ्यांत मोठे निर्माते होते. तेव्हा तिच्या बाजूने उभे राहिले ते मास्टर गुलाम हैदर. एक दिवस निर्माते हिच्या पायाशी येतील, असे त्यांनी बजावले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. लोकलची वाट पाहताना फलाटावर त्यांनी सिगारेटच्या डब्यावर ताल धरला आणि तिला चाल म्हणून दाखवायला लावले, असे लताबाई सांगत. १९४८ च्या ‘मजबूर’ चित्रपटात त्यांनी तिला गाऊ दिले. लताबाईंनी पुढे आयुष्यभर त्यांना आपले गॉडफादर म्हटले. फाळणीनंतर मास्टरजी लाहोरला गेले आणि १९५३ साली वारले.

त्या सिगारेटच्या डब्याचा अर्थ आम्ही असा लावतो. स्टुडिओत नेऊन परीक्षा घेतली असती तर नकाराने दुखावलेली मुलगी पुन्हा आक्रसली असती. फलाटाच्या गोंगाटात, काहीच घडत नाही अशा थाटात ती मोकळी झाली. जाणता उस्ताद परीक्षेला परीक्षा म्हणत नाही.

मराठी मुलीच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, अशा अर्थाचा शेरा दिलीपकुमारांनी मारला होता. तिने तो मनाला लावून घेतला आणि एका मौलानांकडून उर्दू शिकली. भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे तालीम घेतली. श्वास कुठे घ्यावा आणि मायक्रोफोनला तो कळू कसा देऊ नये, हे अनिल विश्वासांनी शिकवले. उच्चारावर हुकमत आली की जीभ अडखळत नाही, श्वासावर हुकमत आली की छाती धडधडत नाही. म्हणजे भीती घालवणे हे नुसते पाठीवर थाप मारण्याचे काम नाही. कशाची भीती वाटते ते ओळखून ती वस्तू शिकवावी लागते. कैरान्याचा उस्ताद मिरजेत येऊन मराठी पद गातो आणि सांगलीची मुलगी मौलानांपाशी बसून शीन-काफ दुरुस्त करते. या देवाणघेवाणीला आम्ही आपला वारसा मानतो.

लाल दिव्याखाली

१९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतल्या गळ्यांना स्टुडिओचे दार दिसले. भजनी मंडळी, शाहीर, लावणी गायिका, कव्वाल, सुगम संगीत गाणारे शिक्षक असे कितीतरी जण एसटीने सांगलीला येऊ लागले. आकाशवाणीच्या स्टुडिओचे दार लागले की बाहेरचा आवाज तुटतो आणि स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात. लाल दिवा लागतो. काचेपलीकडचा माणूस बोट उचलतो. शेतात कोसभर ऐकू जाणारा आवाज तिथे घशात अडकतो.

शिवाय पेटी नाही. आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला बंदी होती. पेटीच्या आधाराने गाणाऱ्याची तिथे पंचाईत होई. ती उणीव भरून काढली सारंगियांनी, आणि त्यांतले बरेचसे मुसलमान घरांतले. लावणीसारख्या प्रकाराची अडचण आणखी वेगळी. साताऱ्याकडच्या वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी अशी करत की अर्धे गाणे गळ्यात आणि अर्धे डोळ्यांत-बोटांत असे. मायक्रोफोनला डोळे दिसत नाहीत. तो अर्धा भाग गळ्यात आणायचा तर ढोलकीवाल्याने गायिकेकडे श्रोत्यासारखे पाहत राहावे लागते. कोणीतरी समोर आहे, एवढे तिला जाणवले की पुरे.

जाणती माणसे अशा वेळी काय करत, ते आम्ही जुन्या वादकांकडून ऐकत आलो. गायक आला की लगेच खोलीत न्यायचे नाही. चहा द्यायचा, गावाकडचे विचारायचे. बोलण्यातला आवाज ऐकून पट्टी ठरवायची, तो सांगेल ती नव्हे. घाबरलेला माणूस नेहमी अर्धा स्वर उंच सांगतो. ‘आधी एकदा नुसते म्हणून बघू’ असे म्हणायचे आणि तेच मुद्रित करायचे, कारण खरे गाणे पुष्कळदा तालमीतच येऊन जाते. चुकले तर चूक सांगायची नाही, ‘माझा ठेका जरा हलला, पुन्हा घेऊ’ असे म्हणून दोष आपल्यावर घ्यायचा. या शेवटच्या वाक्यात किती दिलदारी आहे, याचा विचार करावा. साथीदाराने आपली अब्रू पणाला लावून दुसऱ्याची राखली.

आज मोबाइलवर मुद्रण होते. चूक पुसता येते, उतरलेला सूर यंत्राने वर ओढता येतो. आमच्या मोहल्ल्यातली मुले घरात बसून नात मुद्रित करतात आणि रातोरात हजारो लोकांपर्यंत पोचवतात. सोय झाली, यात शंका नाही. पण भीती गेली का? सूर यंत्राने दुरुस्त केला की गाणे शुद्ध होते, गाणारा तसाच भ्यालेला राहतो. चाचपडणाऱ्या सुराला मोकळे करण्याची विद्या यंत्रात नाही. ती सारंगियाच्या कानात होती, सतारमेकराच्या धाग्यात होती, मास्टर गुलाम हैदरांच्या डब्यावरच्या तालात होती. सारंगी वाजवणारी घरे आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती माणसे गेली की ही विद्याही जाईल, आणि ती होती हेसुद्धा पुढच्यांना कळणार नाही.

आमची वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर एखादी जुनी तबकडी असेल, ऐंशीच्या दशकातली कव्वालीची कॅसेट असेल, तर ती काढा. तिच्यावर गाणाऱ्याचे नाव असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, की मागे तबला कोणाचा, सारंगी कोणाची, पेटीवर कोण बसले होते, तंबोरा मिरजेच्या कुठल्या घरात घडला होता. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा, आणि ती वही तबकडीच्या पाकिटाशेजारी ठेवा.